पिस्टनचोरीचा आळ

आमच्या घरी भिंतीतल्या देवळीत दहा वर्षं एक रिकामा खोका होता. पुठ्ठ्याचा, चहाच्या पेल्यापेक्षा थोडा मोठा, एका कडेला तेलाचा डाग पडलेला. त्या खोक्यातून नवा पिस्टन आला होता. पिस्टन मोटारसायकलच्या इंजिनात गेला आणि खोका आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, पुरावा म्हणून ठेवून घेतला. घरी पाहुणा आला, चहा झाला, की आबा उठायचे, खोका आणायचे, त्यावर छापलेला आकडा पाहुण्याला वाचायला लावायचे आणि सांगायचे की हा माल त्यानं खाल्ला. खोका नव्याचा दाखवला आणि गाडीत जुनाच पिस्टन घालून दिला.

'तो' म्हणजे आमच्या बाजाराच्या गावी, गोरेगावला, बसस्टँडसमोर पत्र्याचं गॅरेज असलेला मिस्त्री. आमच्या शिवाराला लागून जो तांडा आहे तिथला. पाहुणा विचारायचा, कुठला म्हणता हा माणूस? आबा तांड्याचं नाव घ्यायचे आणि पाहुणा मान हलवायचा. पुढं काही विचारायचीच गरज उरायची नाही. आज मला त्या मान हलवण्याची चीड येते. तेव्हा येत नव्हती, कारण पाहुण्याबरोबर माझीही मान हलत होती.

गाडी दोन सायलेन्सरची, टू-स्ट्रोक. सिद्धेश्वरच्या धरणावर नोकरीला असलेल्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा आबांनी ती त्याच्याकडून घेतली होती. आमच्या गावातली पहिली मोटारसायकल. तिची किक आणि गिअर एकाच दांडीचे. किक मारून झाली की तीच दांडी पुढं पाडायची, मग ती गिअर होते. नवखा माणूस गिअरची दांडी शोधत बसायचा आणि आबा मिशीतल्या मिशीत हसत बाजूला उभे राहायचे. आबांना एवढं हसताना मी दुसऱ्या कुठल्या कारणानं पाहिलेलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, आमचा जिल्हा अजून परभणीच होता तेव्हा, गाडी दम टाकायला लागली. मिस्त्रीनं पाहून सांगितलं की सिलिंडर आतून झिजलंय. त्यानं ते नांदेडला लेथवर पाठवलं, आतून थोडं मोठं करून घेतलं, त्या मापाचा नवा पिस्टन बसवला आणि गाडी दिली. महिनाभर ती अशी पळाली की आबा कामाशिवायही गोरेगावला जायला लागले. मग मृग लागला. आमच्या गावचा रस्ता काळ्या मातीचा, त्यामुळे मृगापासून दिवाळीपर्यंत गाडी गोठ्यातच उभी असायची. त्या वर्षीही उभी राहिली. दिवाळीत आबांनी तिच्यावरचं गोणपाट काढलं, किकवर पाय दिला आणि किक खालीच जाईना. आबा दोन्ही पायांनी तिच्यावर उभे राहिले, तरी जाईना.

बैलगाडीत घालून मोटारसायकल गोरेगावला नेली. बाजाराचा दिवस. मिस्त्रीनं किक दाबून पाहिली, प्लग काढून आत डोकावला आणि आबांना विचारलं की यात काही घातलं होतं का. आबा म्हणाले, नाही. मिस्त्री म्हणाला, उघडावं लागेल. इथं आबांचा पारा चढला. महिनाभर चाललेलं इंजिन उघडायचं म्हणजे काय, असं त्यांनी दहा माणसांत विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं की आत जुनाच पिस्टन आहे. मिस्त्री म्हणत होता, तुमच्यासमोर उघडतो, सगळ्यांनी बघा. पण आबांनी गाडी पुन्हा बैलगाडीत चढवली. चोराच्या हातात दुसऱ्यांदा माल द्यायला मी खुळा नाही, हे त्यांचं वाक्य त्या दिवशी बाजारात सगळ्यांनी ऐकलं. गाडी न उघडता घरी आली आणि न उघडताच गोठ्यात राहिली.

मी त्या वेळी हिंगोलीला कॉलेजात होतो. पुढं बी.एड. करून गोरेगावच्याच हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो. आबांची गोष्ट आबा गावात सांगायचे आणि मी ती स्टाफरूममध्ये सांगायचो. कुणी नवी गाडी घेतली की मी आपणहून बजावायचो की बाबा, त्या अमक्याकडं टाकू नको, आमचा पिस्टन खाल्ला त्यानं. मास्तरानं सांगितलेलं लोक खरं मानतात. त्याच्याकडं आधी शेतकऱ्यांच्या गाड्या यायच्या बंद झाल्या, मग नोकरदारांच्या. शेवटी फक्त तांड्यावरच्याच दोन-तीन गाड्या त्याच्या दारात दिसायच्या. पुढं गॅरेजला कुलूप लागलं. तो जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला वारंगा फाट्यावर गेला आणि ट्रकच्या चाकांचे पंक्चर काढायला लागला, असं कानावर आलं. गोरेगावात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मला तर बरंच वाटलं, हे कबूल करतो.

पिस्टनच्या प्रकरणाला दहा वर्षं झाली. आमच्या शाळेतल्या एका शिक्षकाची जीप वारंगा फाट्यावर पंक्चर झाली. पंक्चर काढणाऱ्यानं विचारलं, कुठले तुम्ही? यानं शाळेचं नाव सांगितलं. तेव्हा त्या माणसानं माझ्यासाठी निरोप दिला की सरांना म्हणावं, गाडी अजून उघडली नसेल तर उघडा, माझं काय ते त्यात दिसेल. तो शिक्षक हा निरोप मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर हसत हसत सांगत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. काय ही हिंमत, असं वाटलं. म्हटलं, या उन्हाळ्याच्या सुट्टीत इंजिन उघडतो, तो जुना पिस्टन बाहेर काढतो आणि दोरी बांधून बसस्टँडवर टांगतो.

म्हणजे मी गाडी दुरुस्त करायला घेतली ती गाडीच्या प्रेमानं नाही. रागानं घेतली.

मे महिन्यात गुरं लिंबाखाली बांधली आणि गोठा रिकामा केला. गाडीच्या सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं. टाकी आतून गंजून तांबडी झाली होती. तारा कोंबड्यांनी चोचून सोडल्या होत्या. वर्गात फळ्यावर टू-स्ट्रोक इंजिनाची आकृती मी डोळे मिटून काढायचो, नावं देऊन, बाण दाखवून. गोठ्यात खऱ्या इंजिनासमोर बसल्यावर पहिला नट कुठल्या बाजूला फिरवायचा हे मला कळेना. हिंगोलीहून पान्यांचा संच आणला. पहिल्याच दिवशी एक बोल्ट अर्ध्यात तोडला. दुसऱ्या दिवशी काढलेले सगळे स्क्रू परातीत ठेवले होते, ती परात वासरानं उधळली. मग शाळेतून खडूचे रिकामे डबे आणले आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवून एकेका भागाचे नट वेगळे ठेवले. एवढी अक्कल यायला तीन दिवस गेले.

उघड्या इंजिनासमोर माणूस बसलेला दिसला की गावाला काय होतं कोण जाणे. ज्यांनी आयुष्यात सायकलची चेन चढवली नाही ते येऊन मला सल्ला द्यायला लागले. कुणी म्हणे डिझेल ओत, कुणी म्हणे दोन बैल लावून ओढ. आबा बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचे आणि म्हणायचे की बसा, आता चोर सापडणार आहे. मी घामाघूम होऊन पाने फिरवत होतो आणि मागं चहाचे पेले फिरत होते. माझा राग तेव्हा मिस्त्रीवरून या मंडळींवर आणि मंडळींवरून पुन्हा मिस्त्रीवर, असा हेलपाटे घालत होता.

चौथ्या दिवशी इंजिनाचं डोकं निघालं. आत पिस्टन दिसला. तो सिलिंडरच्या मध्यावर अडकलेला होता आणि त्याच्यावर मधाच्या रंगाचा, काचेसारखा चकचकीत थर बसला होता. गंज असेल अशी माझी कल्पना होती. हा गंज नव्हता. नखानं ओरखडा निघेना. स्क्रू ड्रायव्हरनं टोकरलं तर राळेसारखे बारीक तुकडे उडाले. रॉकेल ओतून एक रात्र ठेवलं, काही नाही. डिझेल ओतून दोन दिवस ठेवलं, काही नाही. रंगवाल्याकडचं थिनर आणलं तेव्हा थर वरून जरा मऊ पडला, पण पिस्टन हलेना. आबा म्हणाले, बघ, कसलं काय भरून ठेवलंय त्यानं. मलाही तसंच वाटलं. खरं सांगतो, वाटलं.

मग इंजिन उतरवलं, थिनर पुसून काढलं, दोन विटांवर इंजिन ठेवलं आणि पंपाच्या स्टोनं सिलिंडर बाहेरून तापवायला घेतलं. लोखंड तापलं की थोडं पसरतं, हे तरी मी मुलांना शिकवलेलं होतं. पाच-दहा मिनिटांत आतून निळसर धूर यायला लागला आणि वास सुटला. वास ओळखीचा होता, पण इंजिनातून येण्यातला नव्हता, म्हणून मला चटकन ओळखता येईना. चुलीपुढून माय उठून गोठ्याच्या दारात आली.

"करडीचं तेल कोण कढवून राहिलंय?" तिनं विचारलं.

ती इंजिनाजवळ आली, वाकून वास घेतला आणि अगदी सहज सांगायला लागली की हे तर मोटेचं तेल. आमच्या विहिरीवर मोट होती तोवर आजोबा दरवर्षी करडीचं तेल कढवायचे. दुपारभर चुलीवर ठेवून दाट होईपर्यंत आटवायचे आणि मोटेच्या कातड्याला चोळायचे. ते वाळलं की कातड्यावर असा थर धरायचं की पाणी आत शिरायचं नाही. मोट गेली, पण आबांच्या डोक्यातून ते तेल गेलं नव्हतं. ज्या वर्षी नवा पिस्टन बसला त्याच वर्षी, गाडी पावसाळ्यासाठी गोठ्यात ठेवण्याआधी, त्यांनी मायला दुपारभर चुलीपुढं बसवून तेल कढवून घेतलं होतं. गंजू नये म्हणून प्लग काढून पळीनं इंजिनात ओतलं होतं. दिवाळीत किक जाईना तेव्हा सैल व्हावं म्हणून आणखी दोन पळ्या ओतल्या. आणि पुढं दर दसऱ्याला, अवजारांची पूजा झाली की, एक पळी.

दसऱ्याचं ती सांगायला लागली आणि मी हातातला पाना खाली ठेवला. कारण दसऱ्याला प्लग मीच काढून द्यायचो. कॉलेजातून सुट्टीला आलो की आबा पळी घेऊन उभे असायचे आणि मी पाना घेऊन प्लग सोडायचो. मला वाटायचं पूजेतलाच काहीतरी भाग आहे. विज्ञानाचा मास्तर झाल्यावरही मी प्लग काढून देत होतो.

पिस्टन त्याच दुपारी हलला. वरून लाकडाचा ठोकळा धरून कपडे धुवायच्या धोपाटण्यानं ठोकत गेलो, तसा तो कणाकणानं सरकला आणि शेवटी सिलिंडर वर उचलून मी तो बाहेर काढला. पितळेच्या ब्रशनं त्याचं डोकं घासलं. आकडा उमटला. मी घरात गेलो, देवळीतला खोका घेऊन आलो आणि दोन्ही शेजारी ठेवले. खोक्यावरचा आणि पिस्टनवरचा आकडा एकच होता. पिस्टन झिजलेला नव्हता. सिलिंडरच्या आत लेथवर घासल्याच्या बारीक रेघा अजून तशाच होत्या.

आणि मग मला जे सुचलं ते दहा वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं. सिलिंडर आतून मोठं केलं होतं. त्यात जुना पिस्टन घातला असता तर तो सैल बसला असता, खडखड वाजला असता, गाडी चार पावलंसुद्धा धड गेली नसती. ती तर महिनाभर पळाली होती. आबांचा आरोप ऐकताक्षणी खोटा ठरत होता. त्यासाठी इंजिन उघडायची गरज नव्हती, फक्त एक मिनिट विचार करायची गरज होती. दहा वर्षांत ते एक मिनिट मी काढलं नाही. तांड्याचं नाव ऐकलं आणि माझं विज्ञान तिथंच थांबलं. एवढा संताप मला स्वतःचा त्याआधी कधी आला नव्हता.

मी पिस्टन आणि खोका दोन्ही आबांसमोर बाजेवर ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी आकडे पाहिले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले. मग म्हणाले की तेल म्हणजे काय विष आहे का, मोटेला घालत होतो, मोट कधी सडली नाही. मी म्हटलं, ते जाऊ द्या. त्यानं तुम्हाला विचारलं होतं ना, काही घातलं का म्हणून? तुम्ही नाही का म्हणालात?

"तेल घालणं म्हंजे काय घालणं असतंय का?" आबा म्हणाले. "म्या निगा राखली. ते काय त्याला सांगायचं असतंय?"

ते खोटं बोलत नव्हते, हे मला कळत होतं. त्यांच्या लेखी ते खरंच काही घातलेलं नव्हतं. पण एका माणसाचं गॅरेज बुडालं त्याचं काय, असं मी विचारलं तेव्हा ते उठले आणि गुरांना पाणी दाखवायला निघून गेले. गुरांना मी तासाभरापूर्वीच पाणी पाजलं होतं. देवळीत खोका मात्र त्या दिवसापासून दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी पिस्टन पिशवीत घालून मी निघालो. जीपनं सेनगाव, तिथून हिंगोली, पुढं बसनं वारंगा फाटा. फाट्यावर ट्रकची रांग लागलेली होती आणि मिस्त्री एका मोठ्या चाकावर बसून टायर सोडवत होता. केस पिकले होते. मला पाहून तो उठला, हात पुसले, बसायला टायर दिलं. मी पिस्टन त्याच्या हातात दिला. त्यानं आकडा पाहिलाही नाही. नाकाशी नेला, वास घेतला आणि विचारलं की करडी का? मी हो म्हटलं आणि मायनं सांगितलेलं सगळं सांगितलं. आमचं चुकलं, असंही म्हटलं. त्यानं ते पुरतं ऐकून घेतलं.

"मला काहून सांगून राहिले सर? मला तर ठावंच व्हतं," तो म्हणाला. "गोरेगावात सांगा."

त्याच्या आवाजात रागही नव्हता. मला वाटलं होतं तो चिडेल, चार शब्द सुनावेल आणि मग मी मोकळा होईन. त्यानं मला तसं मोकळं केलं नाही. उलट गाडीचं पुढं काय केलं, हे विचारलं. पिस्टनच्या रिंगा नव्या टाका म्हणाला, नांदेडात कुठल्या गल्लीत मिळतील ते सांगितलं. ठिणगी नेमकी कधी पडली पाहिजे ते बघायला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद एकमेकांना टेकणाऱ्या दोन पॉइंटमध्ये धरायचा आणि तो सुटतो कधी ते पाहायचं, हे त्यानं पंक्चरच्या दुकानात हातवारे करून मला दोनदा समजावलं. मी आयुष्यात इतका चांगला तास कुणाचा ऐकलेला नाही, आणि हा माणूस आम्ही पंक्चर काढायला बसवला होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी सुरू झाली. टाकी खडी घालून हलवून हलवून साफ केली, तारा नव्या ओढल्या, सीट हिंगोलीत शिवून आणलं. सिगारेटचा कागद धरून पॉइंट लावला आणि विसाव्या-पंचविसाव्या किकला ती बोलायला लागली. माय दारात येऊन उभी राहिली. आबा धुतलेला सदरा घालून बाहेर आले आणि मागच्या सीटवर बसले. बाजाराचाच दिवस होता. मला वाटलं, आबांनीच ठरवलंय. आता ते सांगतील.

बसस्टँडसमोर गाडी उभी केली आणि गर्दी जमली. जुन्या लोकांनी गाडी ओळखली. हॉटेलवाला बाहेर आला, टाकीवर हात ठेवून म्हणाला की त्या चोरानं मारलेली गाडी सरांनी जिवंत केली. दुसरा म्हणाला, मिस्त्री म्हणवत होता आणि साध्या मास्तराला जमलं ते त्याला जमलं नाही. मी हे धरून चाललोच नव्हतो. गाडी सुरू झाली की मिस्त्रीचं नाव आपोआप धुऊन निघेल अशी माझी भाबडी समजूत होती. झालं भलतंच. चालू गाडी हाच त्याच्याविरुद्धचा नवा पुरावा झाला आणि तो मी स्वतःच्या हातांनी महिनाभर घासूनपुसून तयार केला होता.

मी इंजिन बंद केलं आणि वर्गातल्या आवाजात सगळं सांगितलं. तेल कोणी कढवलं, कोणी ओतलं, प्लग कोणी काढून दिला, आकडा कसा तोच निघाला. मिस्त्रीनं यातलं काहीही चोरलं नव्हतं, हे मी दोनदा सांगितलं. मंडळी शांतपणे ऐकत होती. मग हॉटेलवाल्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला की सर, तुमचं मन मोठं आहे. कुणीतरी म्हणालं, पाहा, परक्यासाठी बापाच्या माथी दोष घ्यायला तयार आहे. मी खरं बोलत होतो आणि ही माणसं माझी स्तुती करत होती. मी आबांकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आबांनी चहा बशीत ओतला, फुंकला आणि म्हणाले,

"पोरगं शिकलेलं हाय. त्याला कुणाला वाईट म्हणवत न्हाई."

सगळे हसले. प्रेमानं हसले. चहाचे पैसे कुणी घेतले नाहीत.

परतीच्या वाटेवर अर्ध्यात मी गाडी थांबवली आणि आबांना खाली उतरायला सांगितलं. इतक्या मोठ्या आवाजात मी त्यांच्याशी त्याआधी कधी बोललो नव्हतो. म्हटलं, माझ्या सांगण्यानं काही होत नाही, तुम्ही सांगितलं तरच होईल. एक वाक्य. मी तेल ओतलं होतं, त्यानं काही केलं नाही, एवढंच. आबा रस्त्याकडं बघत उभे राहिले. म्हणाले, दहा वर्षं सांगितलंय, आता उलट सांगितलं तर लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक त्याला काय म्हणतात ते चालतं तुम्हाला? त्यावर आबांनी गाडीच्या टाकीवरून हात फिरवला. मग म्हणाले की असं कर, गाडी देऊन टाक त्याला.

मी गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे कागद आणले. त्यांनी निमूट सह्या केल्या, जिथं बोट ठेवलं तिथं. त्यांना आपली चूक कळली होती, याबद्दल मला शंका उरली नाही. जी गाडी त्यांनी दहा वर्षं भंगारवाल्याला हात लावू दिली नाही, ती द्यायला ते तयार झाले. एक वाक्य द्यायला तयार झाले नाहीत.

पहाटे निघून हिंगोली, कळमनुरी करत मी गाडी वारंगा फाट्यावर नेली. वाटेत कुठं थांबली नाही. मिस्त्रीनं आवाज लांबूनच ओळखला असावा, कारण तो रस्त्यावर येऊन उभा होता. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, कान लावून इंजिन ऐकलं, एक स्क्रू पाव आटा फिरवला आणि ती आणखी शांत झाली. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान दिसलं ते पाहून मला वाटलं, चला, काही तरी फिटलं. मी कागद पुढं केले. ही तुमची, म्हटलं. आबांनी सह्या केल्यात.

त्यानं कागद घेतले नाहीत. विचारलं, आबांनी गोरेगावात सांगितलं का?

मी म्हटलं, मी सांगितलं.

त्यानं पुन्हा तेच विचारलं. मी नाही म्हटलं.

"मग नगं सर," तो म्हणाला. "पिष्टन नेलं म्हणून आदीच सांगत्यात. आता म्हणतील, गाडी बी नेली."

एक ट्रक येऊन थांबला होता आणि ड्रायव्हर हाक मारत होता. मिस्त्री जॅक घेऊन तिकडं गेला. मी कागद खिशात घातले आणि गाडी गोरेगावच्या दिशेनं वळवली. ती पहिल्याच किकला सुरू झाली, आणि मला तिचाही राग आला.